प्यूजोचे सुटे भाग

माझ्या एमएम ५४० जीपमधलं प्यूजो इंजिन काढून डीआय बसवायचं ठरलं, तेव्हा गॅरेजमधली सगळी चर्चा नव्या इंजिनाची होती. माउंटिंग कुठे येणार, बेल हाउसिंग कोणतं लागणार, सायलेन्सरचा पाइप चेसिसला घासणार का, आरटीओत किती खेटे पडणार. जुन्या इंजिनाच्या वाट्याला एकच वाक्य आलं. मिस्त्री हात पुसत म्हणाले, "त्याचं बघू की मागनं. भंगारवाल्याला घातलं तरी पोरांचा चहा सुटंल."

ते 'मागनं बघणं' पुढे वर्षभर चाललं. नव्या इंजिनाबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे फार नाही. ते बसलं, चाललं, अजून चालतंय. जुनं विकताना मात्र जे पाहिलं ते लिहून ठेवावं असं वाटलं. इंजिन उतरवणारे पुष्कळ असतात, पण उतरवलेल्याचं पुढे काय करायचं हे सांगणारं कोणी भेटत नाही.

जीप १९९१ची. वडिलांनी ती एका कंत्राटदाराकडून घेतली होती, राधानगरीकडच्या शेतावर जायला-यायला. इंजिन एक्सडीपी ४.९०. महिंद्रनं फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडून १९७९ साली याचा परवाना घेतला आणि ते आपल्याकडे बनवायला सुरुवात केली. २११२ सीसी, चार सिलिंडर, ९० मिलिमीटरचा बोअर, बासष्ट हॉर्सपॉवर. याच कुळातलं इंजिन तिकडे प्यूजोच्या ५०४ मोटारीत असायचं. म्हणजे मुळात हे मोटारीचं इंजिन. आवाज नरम, पळायला हलकं, आणि ताकद वर, म्हणजे आरपीएम चढल्यावर. सपाट रस्त्याला झकास. पण पावसाळ्यात चिखलाच्या चढावर, मागे खताची पोती आणि चार माणसं घेऊन दुसऱ्या गिअरमध्ये रांगायचं म्हटलं की त्याला सारखं पेटवत ठेवावं लागे. त्यातून आमच्या इंजिनाचे लायनर-पिस्टन संपत आले होते. तेल प्यायचं, ब्रीदरमधून धूर काढायचं, थंडीत हीटर कितीही वेळ धरला तरी कुरकुरायचं. ओरिजिनल लायनर-पिस्टनचा सेट मिळेना, आणि बाजारात जो मिळत होता त्याच्यावर मिस्त्रींचा विश्वास नव्हता.

डीआय म्हणजे २५२३ सीसीचं, इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या घराण्यातलं. त्याचा खडखडाट शेजारच्या गल्लीत ऐकू जातो, पण खालच्या आरपीएमला ओढ अशी की चढावर पाय ठेवून निवांत बसावं. मोडीत काढलेल्या एका कमांडर जीपचं इंजिन बिलासकट आणि गाडी रद्द झाल्याच्या कागदांसकट मिळालं. इंधन तेच, कंपनी तीच, म्हणून आरटीओचं काम सरळ होतं. आधी अर्ज, मग परवानगी, मग तपासणी, मग आरसीवर नव्या इंजिनाचा नंबर. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमात गाडीतल्या फेरफारांबद्दल लिहिलेलं आहे. परवानगी आधी घ्यायची असते. आधी इंजिन बसवून मग आरटीओत जाणारे लोक तिथे रांगेत दिसतात, चेहऱ्यावरून ओळखू येतात.

हे सगळं २०१३ सालातलं.

प्यूजो खाली उतरलं त्या आठवड्यातच एक व्यापारी गॅरेजवर येऊन गेला. त्याने इंजिनाला एक फेरी मारली, पुली हातानं फिरवून बघितली, तेलाची काडी काढून नाकाशी नेली आणि म्हणाला, "बारा हजार. उचलून न्यायचं माझं." मिस्त्रींना हा भाव चांगला वाटला. मलाही वाईट वाटला नाही. पण मी त्याला सहज विचारलं की यातला पंप सुटा घेतला तर किती. तो हसला. "सुट्याचं वेगळं असतंय साहेब."

वेगळं म्हणजे काय, हे समजून घ्यायला मी दोन-चार ठिकाणी फिरलो. पुण्यात कामाला गेलो तेव्हा जुन्या बाजारात चक्कर मारली. मुंबईला बहिणीकडे गेलो तेव्हा कुर्ल्याला सीएसटी रोडवरच्या दुकानांतून हिंडलो. गणित एकच दिसलं. दुकानदार अख्खं इंजिन वजनाच्या थोड्या वरच्या भावात घेतो आणि भाग सुटे करून विकतो. त्याला जो नफा होतो तो लबाडीचा नसतो. त्याच्याकडे गाळा असतो, गाळ्याचं भाडं असतं, आणि एखादा रॉकर शाफ्ट घ्यायला गिऱ्हाईक दोन वर्षांनी आलं तरी चालेल इतका धीर असतो. आपण बारा हजार घेतो तेव्हा तो धीर त्याला विकतो. माझ्याकडे शेतघरावर एक मोकळी खोली होती, भाडं नव्हतं, घाईही नव्हती. मग तो धीर आपणच का धरू नये?

इंजिन खोललं ते मात्र मिस्त्रींच्या पोरांच्या नेहमीच्या पद्धतीनं खोलू दिलं नाही. बांधण्यासाठी खोलणं आणि विकण्यासाठी खोलणं यात फरक आहे. बांधायचं असतं तेव्हा सगळे बोल्ट एका डब्यात डिझेलमध्ये टाकले तरी चालतं, कारण शेवटी सगळं त्याच ब्लॉकवर परत जायचं असतं. विकायचं असेल तर प्रत्येक भागाचे बोल्ट त्या भागाबरोबर बांधून ठेवावे लागतात. अल्टरनेटर घेणारा आधी ब्रॅकेट विचारतो, सेल्फ घेणारा बोल्ट विचारतो, हेड घेणारा तर हेडचे बोल्ट मोजूनच घेतो. हे बोल्ट हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाहीत. ज्याच्याकडे बोल्ट आहेत त्याचा माल ओरिजिनल, असं गिऱ्हाईक मनात धरून चालतं, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं.

दुसरी गोष्ट जोड्यांची. मेन बेअरिंगच्या कॅपा ब्लॉकला लावूनच त्यांचा बोअर मारलेला असतो. त्या कॅपा दुसऱ्या ब्लॉकला चालत नाहीत, आणि त्याच ब्लॉकवरही एकीच्या जागी दुसरी चालत नाही. कनेक्टिंग रॉडचंही तसंच. रॉड आणि त्याची कॅप एकत्र, नंबर मारलेले, खुणा एका बाजूला. टॅपेट ज्या कॅमवर घासले गेले त्याच कॅमबरोबर जायला हवेत, त्याच क्रमानं. नोझलची सुई आणि तिचं घर एकमेकांत लॅप केलेलं असतं. चार नोझल एका ताटात खोलून ठेवल्या आणि सुया बदलल्या की चारही गेल्या. पोरांना हे माहीत नव्हतं असं नाही. घाई असते. मी बाजूला बसून पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यात पुशरॉड क्रमानं खोचत होतो तेव्हा एक जण म्हणाला, "काका, पुशरॉड कोण न्यायला येणाराय वो?"

त्याचं म्हणणं पुढे खरं ठरलं.

सगळ्यात आधी सेल्फ आणि अल्टरनेटर गेले. यात आश्चर्य काही नाही. अल्टरनेटर थोडं ब्रॅकेट बदललं की दहा गाड्यांना बसतो. जो भाग पुष्कळ गाड्यांना चालतो तो पटकन जातो, पण त्याचा भाव वर चढत नाही, कारण घेणाऱ्याला दुसरी दुकानं असतात. जो भाग फक्त प्यूजोला चालतो त्याला गिऱ्हाईक महिनोन्‌महिने येत नाही. पण आलं की ते गरजेनं आलेलं असतं, आणि भाव त्या गरजेवर ठरतो. ही दोन टोकं लक्षात आल्यावर मी भाव सांगायची पद्धत बदलली. सामाईक भागांना बाजारभावापेक्षा थोडं कमी सांगून मोकळं व्हायचं. प्यूजोच्याच भागांना भाव घट्ट ठेवायचा आणि त्याबरोबर द्यायला काहीतरी ठोस ठेवायचं.

ठोस म्हणजे मोजमाप. जुन्या मालाच्या बाजारात सगळेच म्हणतात, "एकदम कंडिशनमध्ये आहे." हे ऐकून ऐकून गिऱ्हाइकाचे कान बधिर झालेले असतात. त्याच्या हातात आकड्यांचा कागद दिला की त्याचा चेहरा बदलतो, हे मला पंप विकताना दिसलं.

पंप मायकोचा, रोटरी. २००८ साली मायकोची बॉश लिमिटेड झाली, पण गॅरेजमध्ये पंप अजून मायकोचाच. हा पंप स्वतःचं वंगण डिझेलकडूनच घेतो. म्हणून तो काढल्यावर कोरडा ठेवायचा नाही. स्वच्छ डिझेल भरून सगळी तोंडं प्लॅस्टिकच्या बुचांनी बंद करायची. आत एक कण धूळ गेली तरी ती रोटरवर ओरखडा काढते. मी पंप नोझलसकट कॅलिब्रेशनच्या दुकानात नेला. तिथे पंप टेस्ट बेंचवर चढवतात, मोटरनं वेगवेगळ्या आरपीएमला फिरवतात आणि प्रत्येक आउटलेटमधून काचेच्या नळीत किती डिझेल पडतं ते मोजतात. चारही नळ्यांतली पातळी सारखी असली पाहिजे. आमच्या पंपाची स्टार्टिंगची पातळी ठीक होती, मधल्या आरपीएमला एक नळी किंचित खाली होती. दुकानदार म्हणाला, "सील बदलून सेट करून देतो, नवा दिसंल." मी म्हटलं, सील बदला, पण आधीचा आणि नंतरचा दोन्ही आकडे लिहून द्या. त्याला हे जरा विचित्र वाटलं. जुना आकडा कोणी मागत नाही.

तो कागद मी पंपाबरोबरच प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवला. सांगलीकडचा एक मिस्त्री पंप बघायला आला. आल्या आल्या त्यानं पंपाकडे बघितलंच नाही, नेहमीप्रमाणे किंमत पाडायची वाक्यं सुरू केली. "पिजो आता कोण वापरतंय मालक? माझ्याकडं एकच गाडी हाय, ती बी गिऱ्हाइकाची." मी कागद पुढे केला. त्यानं तो दोनदा वाचला, बोटानं आकड्यांवरून रेघ ओढली. "ही तिसरी लाइन आधी खाली होती?" म्हटलं, हो. "आन्‌ तुम्ही ते लिवून घेतलं?" मग पंप उचलून शाफ्ट हातानं हलवून बघितला, ड्राइव्हच्या बाजूला खेळ आहे का ते पाहिलं. मी दहा सांगितले होते. साडेनऊ हजार ठरले. नोझलचे चोवीसशे वेगळे. जाताना म्हणाला, "सेल्फ गेला का वो? तो बी ठेवायचा की मग."

दोष लिहून दिल्यानं भाव पडतो असं सगळे समजतात. माझ्या अनुभवात पडला नाही. लपवलेल्या दोषाची किंमत गिऱ्हाईक मनातल्या मनात आधीच वजा करून आलेलं असतं, आणि ती खऱ्या दोषापेक्षा नेहमी जास्त असते. खरा दोष समोर ठेवला की त्याला तेवढाच वजा करता येतो.

हेडला मात्र वेळ लागला. प्यूजोचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं, ब्लॉक बिडाचा. इंजिन एकदा जरी तापून उकळलं तरी हेड वाकतं, आणि व्हॉल्व्हच्या मधल्या चिंचोळ्या जागेत बारीक चीर जाते. ही चीर डोळ्यांना सहसा दिसत नाही. म्हणून जुनं हेड घेणं म्हणजे घाटात तापलेल्या गाडीचं हेड तर आपल्या गळ्यात पडत नाही ना, ही भीती. आमचं हेड दोन वर्षांपूर्वीच एकदा फेस मारून, व्हॉल्व्ह बसवून केलेलं होतं. त्याचं बिल माझ्याकडे होतं. तेवढ्यावर कोणी विश्वास ठेवला नसता, म्हणून उद्यमनगरला नेलं.

कोल्हापूरच्या बाहेरच्या लोकांना शिवाजी उद्यमनगर म्हटलं की काय ते कळणार नाही. इंजिनाशी संबंधित असं एकही काम नसेल जे तिथल्या कुठल्या ना कुठल्या गल्लीत होत नाही. एकीकडे क्रँक घासतात, समोर बोअर मारतात, शेजारी बुश ओततात, पलीकडे हेडला फेस देतात. प्रत्येक शेडची एकच खासियत, आणि त्या खासियतीत त्या शेडचा मालक कोणाला विचारत नाही. हेडवाल्यानं हेड टेबलावर पालथं ठेवलं, त्यावर सरळ पट्टी कर्णाकर्णी लावली आणि फटीतून पाच शतांश मिलिमीटरची पाती घालायचा प्रयत्न केला. पाती कुठेच गेली नाही. मग पाण्याचे सगळे मार्ग रबर लावून बंद केले, एका बाजूनं हवेचा दाब दिला आणि हेड गरम पाण्याच्या टाकीत बुडवलं. चीर असली तर बुडबुडे येतात. आम्ही दोघं टाकीवर ओणवे होऊन बघत राहिलो. एकही बुडबुडा आला नाही. मग त्यानं हेडची जाडी मापली, आणि "अजून एकदा फेस बसंल, दुसऱ्यांदा नाही" असं स्वच्छ सांगितलं. हेही मी लिहून घेतलं.

हेडचा गिऱ्हाईक कणकवलीहून आला. फोंडा घाटानंच आला, आणि त्याच घाटात त्याची जीप आदल्या महिन्यात उकळली होती. आंब्याच्या पेट्या वाहायची गाडी. रेडिएटरची होज फाटली, त्याला कळेपर्यंत काटा वर जाऊन टेकला होता. बिचारा हेडच्या शोधात गोव्यापर्यंत जाऊन आला होता. त्यानं कागद बघितला, बिल बघितलं, मग खिशातून स्वतःची फूटपट्टी काढून हेडवर आडवी धरली. स्टीलची, शाळेच्या कंपासमधली असावी. मला हसू आलं, पण त्याचं बरोबर होतं. माझ्या कागदावर त्यानं का म्हणून विसंबावं? उजेडाकडे धरून फट बघितली. समाधान झालं. मग म्हणाला, "आता असा सांगा, एकदा फेस बसता म्हणजे मी गास्केट किती जाड घालू?" हा प्रश्न विचारणारा माणूस भाव पाडायला आलेला नसतो. आम्ही मिस्त्रींना फोन लावला. साडेसहा हजारांत हेड गेलं, आणि हेडबरोबर टॅपेट कव्हर, रॉकर असेंब्ली आणि एक न वापरलेला गास्केट सेट मी तसाच दिला. त्याच्या गाडीत आंबे होते. अर्धी पेटी ठेवून गेला. हा व्यवहारातला भाग नव्हता, तरी सांगतो.

क्रँकचा किस्सा छोटा आहे. क्रँक एकदाच घासलेली, पहिल्या अंडरसाइजला. उद्यमनगरमध्ये मायक्रोमीटरनं प्रत्येक जर्नल दोन दिशांनी मापून घेतलं. एकाच दिशेनं मापलं तर अंडाकृती झिजलेलं जर्नलही गोल वाटतं. चिरेसाठी मॅग्नाफ्लक्स करून घेतलं. क्रँक आडवी टेकवून ठेवली तर कालांतरानं वाकते म्हणतात, म्हणून शेतघरावर ती कोपऱ्यात उभी, वरून सुतळीनं खिळ्याला बांधलेली, ग्रीस लावून पोत्यात गुंडाळलेली. कामाला येणाऱ्या बायकांना ती भलतंच काही वाटायची आणि त्या खोलीत झाडू मारायला कुरकुर करायच्या. चार हजारांना ती एका गॅरेजवाल्यानं नेली. त्याच्याकडे क्रँक मोडलेली गाडी उभी नव्हती. उद्या कधीतरी येईल म्हणून घेऊन ठेवली. म्हणजे माझा धीर संपला आणि त्याचा सुरू झाला.

बाकी किरकोळ. वॉटर बॉडी, मॅनिफोल्ड, क्लचप्लेट-प्रेशरप्लेट, बेल हाउसिंग, रॉडचा सेट. हे कोणी ना कोणी येऊन नेलं. लायनर-पिस्टन सरळ भंगारात. जुने पिस्टन अ‍ॅल्युमिनियमच्या भावात जातात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. कोणी 'अजून चालतील' म्हणून मागितले तरी देऊ नयेत. मी दिले नाहीत. झिजलेला पिस्टन दुसऱ्याच्या इंजिनात जाऊन सहा महिन्यांत परत आपल्या दारात वाद घेऊन येतो.

पुशरॉड कोणी नेले नाहीत.

आता ब्लॉकचं. सगळ्यात जास्त फोन ब्लॉकसाठी आले आणि सगळ्यात जास्त डोकं त्यानंच खाल्लं. इंजिन नंबर ब्लॉकवर ठोकलेला असतो. इंजिनाचा दुसरा कुठलाही भाग हा नुसता लोखंडाचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा. ब्लॉक मात्र सरकारी नोंदीतली वस्तू आहे. चोरीची गाडी शोधताना पोलीस दोनच गोष्टी बघतात, चेसिस नंबर आणि इंजिन नंबर. त्यामुळे ब्लॉक मागणाऱ्यांत दोन जातीची माणसं असतात. एकाचा ब्लॉक थंडीत पाणी गोठून किंवा रॉड बाहेर येऊन फुटलेला असतो. त्याला लोखंड हवं असतं. दुसऱ्याला नंबर हवा असतो.

पहिल्या जातीचा फक्त एकच फोन आला, आणि त्याला एक्सडी थ्रीपी हवं होतं, म्हणजे पुढचं अडीच लिटरचं प्यूजो. त्याला हा ब्लॉक उपयोगाचा नव्हता. बाकीचे दुसऱ्या जातीचे. एक जण ब्लॉकचं वजन विचारेना, बोअर विचारेना, लायनरची सीट खाल्ली आहे का विचारेना. त्याचा पहिला प्रश्न, "कागद मिळतील का?" कसले कागद? "आरसीची झेरॉक्स. जुनी, इंजिन बदलायच्या आधीची." मी विचारलं, ती कशाला? "असू द्या की, फाइलला." फोन ठेवला. दुसऱ्यानं ब्लॉक घ्यायची तयारी दाखवली, पैसेही बरे देत होता, पण नंबर घासून द्या म्हणाला. म्हणजे गुन्हा मी करायचा आणि ब्लॉक त्यानं न्यायचा. तिसरा आणखी पुढचा. त्याला ब्लॉकच नको होता. नंबर ठोकलेला तेवढा भाग कापून मिळेल का, असं विचारत होता, आणि त्या वीतभर लोखंडाला तो अख्ख्या ब्लॉकच्या दुप्पट किंमत देत होता.

मिस्त्रींना सांगितलं तर ते म्हणाले, "देऊ नका. उद्या कुठं नाक्यावर सापडलं तर आधी तुमच्या दारात गाडी येईल." आरसीवर आता नवा नंबर आहे हे खरं. पण जुना नंबर याच जीपच्या नावावर बावीस वर्षं होता, हेही नोंदीत आहे. जुना नंबर कुठे गेला हे दाखवायला माझ्याकडे काहीतरी असायला हवं होतं.

म्हणून ब्लॉक फोडायचं ठरवलं. कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव भागात फाउंड्र्या आहेत. त्यांना बिडाचं भंगार लागतं, आणि मोटारीच्या जुन्या ब्लॉकचं बीड चांगलं समजलं जातं. फाउंड्रीला माल घालणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे ब्लॉक नेला, मेन कॅपांसकट. आधी नंबरचा फोटो घेतला, वजनकाट्यावर ठेवला, आणि सांगितलं की माझ्यासमोर फोडा. कामगारानं घण घातला. बीड ठिसूळ, दोन-तीन घावांत बोअरची भिंत गेली, मग बाजू. नंबरचा तुकडा त्यानं वेगळा काढून त्यावर आणखी घाव घातले. मी सांगितलं नव्हतं. हे काम त्यानं आधीही केलेलं दिसलं. पावतीवर वजन, तारीख, आणि 'एक्सडीपी ब्लॉक, फोडून, इंजिन नं. अमुक' असं लिहून घेतलं. व्यापारी म्हणाला, "पावतीवर नंबर कोण लिहितंय साहेब?" लिहिलं मात्र. ती पावती आज आरसीच्या प्लॅस्टिकच्या खिशात आहे. ब्लॉकचे किलोवर मिळून सतराशेच्या आसपास रुपये आले, आणि सगळ्या भागांत मला सगळ्यात योग्य भाव याचाच मिळाला असं माझं मत आहे.

एकूण हिशोब केला तर भंगार धरून चौतीस हजारांच्या आसपास हातात आले. कॅलिब्रेशन, उद्यमनगरची मोजमापं आणि जाणं-येणं वजा जाता एकतीस. व्यापाऱ्याचे बारा एका दिवसात मिळाले असते. हे एकोणीस हजार मिळवायला एक खोली वर्षभर अडकली, शेतावर येणाऱ्या अनोळखी माणसांना चहा पाजावा लागला आणि फोनवर बोलणं फार झालं. ज्याच्याकडे खोली नाही, किंवा ज्याला भाव करताना कंटाळा येतो, त्यानं बारा घेऊन मोकळं व्हावं. पण त्यानंही एक करावं. अख्खं इंजिन देताना व्यापाऱ्याकडून इंजिन नंबर लिहिलेली, सही-शिक्क्याची पावती घ्यावी, त्याच्या ओळखपत्राची प्रत घ्यावी आणि हे आरटीओच्या कागदांबरोबर ठेवावं. व्यापारी नाही म्हणाला तर दुसरा बघावा.

माझ्याकडे अजून फ्लायव्हील शिल्लक आहे. रिंगचे दात शाबूत आहेत, क्लचच्या बाजूला एक फेस घ्यावा लागेल, बोल्ट सगळे आहेत. पुशरॉड आठही आहेत, क्रमानं लावलेले. राधानगरी, भुदरगड, कणकवली, कुठेही कोणाची प्यूजो अजून चालू असेल तर त्यांनी येऊन बघून जावं. पुशरॉडचे पैसे घेणार नाही.